सर्वत्र विकलनीय फलनांचा संच बोरेल का नसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. [०,१] या अंतरालावरील सर्व संतत वास्तव फलनांचे अवकाश, म्हणजे सी[०,१], घ्यावे आणि दोन फलनांमधील अंतर म्हणून त्यांच्या फरकाचे कमाल निरपेक्ष मूल्य धरावे. या अवकाशात प्रत्येक बिंदूवर विकलनीय असणाऱ्या फलनांचा संच बोरेल नाही, म्हणजे विवृत संचांपासून सुरुवात करून गणनीय संयोग, गणनीय छेद आणि पूरक घेत घेत मिळणाऱ्या संचांपैकी नाही, असे विधान पुस्तकांत आढळते. प्रश्नकर्त्याची शंका अशी की, संतत फलन परिमेय बिंदूंवरील मूल्यांनीच पूर्णपणे ठरते, परिमेय बिंदू गणनीय आहेत आणि विकलनीयतेची व्याख्या शेवटी एप्सिलॉन-डेल्टाचीच आहे. मग गणनीय संयोग व छेद घेत घेत हा संच का मिळू नये? त्याला जोडून दुसरा प्रश्न असा की, अवकाशावरची संस्थिती (टोपॉलॉजी, म्हणजे कोणते संच विवृत मानायचे ती निवड) बदलली तर ही अडचण टळते का.

शंका रास्त आहे. त्यातील युक्तिवाद अर्धा बरोबर आहे आणि तो नेमका कोठे तुटतो हे पाहिले की बाकीचे आपोआप उलगडते, म्हणून आधी बरोबर असलेला अर्धा भाग पाहू.

एक बिंदू क्ष पक्का धरा. फलन फ त्या बिंदूवर विकलनीय आहे याचा अर्थ असा की, प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा सापडतो की क्ष पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावरील कोणतेही दोन बिंदू घेतले, तर क्ष ला त्यांच्याशी जोडणाऱ्या दोन जीवांच्या चढांतील फरक एप्सिलॉनपेक्षा जास्त नसतो. विकलजाची किंमत आधी माहीत असण्याची गरज नाही; कॉशीच्या निकषाने काम भागते. येथे एप्सिलॉन आणि डेल्टा परिमेय घेता येतात आणि शेजारचे बिंदूही परिमेय घेता येतात, कारण फ संतत आहे. एप्सिलॉन आणि डेल्टा ठरले की उरलेली अट फलनाच्या दृष्टीने संवृत असते: ती पाळणाऱ्या फलनांची क्रमिका एकसमान अभिसरण पावली तर सीमा-फलनही ती पाळते. त्यामुळे क्ष येथे विकलनीय असणाऱ्या फलनांचा संच म्हणजे संवृत संचांच्या गणनीय संयोगांचा गणनीय छेद होय. बोरेल उतरंडीत ही तिसरी पायरी आहे आणि तिला एफ-सिग्मा-डेल्टा म्हणतात. सर्व परिमेय बिंदूंवर विकलनीय असणारी फलने घेतली तरी आपण याच पायरीवर राहतो, कारण गणनीय छेदाचा गणनीय छेद हा गणनीय छेदच असतो. येथपर्यंत शंकाकाराचे म्हणणे तंतोतंत खरे आहे.

तुटते ते पुढच्या शब्दावर. “प्रत्येक क्ष साठी” यातील क्ष परिमेय धरून चालत नाही. संतत फलन परिमेय बिंदूंवरील मूल्यांनी ठरते हे खरे, पण त्याची विकलनीयता परिमेय बिंदूंवरील विकलनीयतेने ठरत नाही; एका अपरिमेय बिंदूवर टोक असलेले फलन, उदाहरणार्थ क्ष आणि १/√२ यांच्या फरकाचे निरपेक्ष मूल्य, एवढे सांगायला पुरेसे आहे. म्हणून आपल्या हाती जो छेद उरतो तो अगणनीय बिंदूंवरचा असतो. अशा संचाचा पूरक संच म्हणजे (फ, क्ष) या जोड्यांच्या एका बोरेल संचाचा सी[०,१] वर पडणारा प्रक्षेप: असा एक तरी क्ष आहे की जेथे फ विकलनीय नाही. बोरेल संचाच्या प्रक्षेपाला विश्लेषी संच म्हणतात आणि त्याच्या पूरकाला सहविश्लेषी. आपला संच सहविश्लेषी आहे, एवढे व्याख्येवरून फुकट मिळते.

मात्र व्याख्या फक्त वरची मर्यादा देते, हे विद्यार्थ्यांना मला दरवर्षी सांगावे लागते. व्याख्येत अगणनीय “प्रत्येक” दिसला म्हणून संच बोरेल नाही असे ठरत नाही. विकलज संतत असणारी फलने घ्या. त्यांच्याही व्याख्येत प्रत्येक बिंदूबद्दल बोलले आहे. पण [०,१] संहत असल्यामुळे संतत विकलज एकसमान संतत होतो आणि सगळी अट अशी मांडता येते: प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा आहे की डेल्टा लांबीच्या कोणत्याही अंतरालात घेतलेल्या कोणत्याही दोन जीवांच्या चढांत एप्सिलॉनपेक्षा जास्त फरक नाही. अगणनीय “प्रत्येक” आता डेल्टाच्या मागे, संवृत अटीच्या पोटात गेला, आणि संच पुन्हा तिसऱ्या पायरीवर आला. लिपशिट्झ फलने, म्हणजे ज्यांच्या सर्व जीवांचे चढ एका स्थिरांकाने बांधलेले असतात अशी, तर याहून खाली, संवृत संचांच्या गणनीय संयोगात बसतात, बहुपदींचेही तसेच. निरपेक्ष संतत फलने तिसऱ्या पायरीवर येतात. जेथे एकसमानता हाती लागते तेथे गुंतागुंत वितळते. सर्वत्र विकलनीय फलनांच्या बाबतीत प्रत्येक बिंदूला आपापला डेल्टा असतो आणि ते सर्व एका धाग्यात ओवता येत नाहीत. पण “ओवता येत नाहीत” हे सिद्ध करावे लागते, आणि ते १९३६ साली वॉर्सातील स्टेफान माझुर्किएविच यांनी ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिके’ या नियतकालिकात केले.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शंकाकाराची चूक फार मोठ्या माणसाच्या चुकीची नातेवाईक आहे. १९०५ साली आंरी लबेग यांनी आपल्या एका प्रदीर्घ लेखात प्रतलातील बोरेल संचाचा रेषेवरचा प्रक्षेप बोरेलच असतो असे गृहीत धरले. त्यांचा आधार असा होता की घटत्या संचांच्या छेदाचा प्रक्षेप हा प्रक्षेपांच्या छेदाइतकाच असतो. सर्वसाधारणपणे ते खोटे आहे: प्रत्येक संचात क्ष च्या वर एखादा बिंदू असू शकतो, पण सर्वांत सामाईक असा एकही नसू शकतो. मॉस्कोत लुझिन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मिखाईल सुस्लिन या तरुणाने ही चूक पकडली आणि १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात बोरेल नसलेले विश्लेषी संच असतात हे दाखवले. दोनच वर्षांनी ते वारले.

आता सिद्धता. तिचा गाभा असा की, फलनांच्या प्रश्नात झाडांचा प्रश्न लपवता येतो. नैसर्गिक संख्यांच्या सांत क्रमिकांचा असा संच घ्या की एखादी क्रमिका त्यात असेल तर तिचे प्रत्येक आरंभखंडही त्यात असते. याला झाड म्हणू. झाडात अनंत फांदी असू शकते किंवा नसू शकते. अनंत फांदी नसलेल्या झाडांचा संच बोरेल नाही, आणि त्याचे कारण थेट सुस्लिन यांच्या निष्कर्षात आहे: नैसर्गिक संख्यांच्या अनंत क्रमिकांच्या अवकाशातील कोणत्याही विश्लेषी संचासाठी, प्रत्येक बिंदूला संतत रीतीने एक झाड असे जोडता येते की बिंदू संचात असला तरच, आणि तेव्हाच, झाडाला अनंत फांदी असते. फांदीहीन झाडांचा संच बोरेल असता तर प्रत्येक विश्लेषी संच बोरेल झाला असता.

तेव्हा प्रत्येक झाड ट साठी आपल्याला फलन फ(ट) असे बांधायचे आहे की ट ला अनंत फांदी नसेल तरच फ(ट) सर्वत्र विकलनीय असेल, आणि ट वरून फ(ट) कडे जाणारी वाट संतत असेल. माझुर्किएविच यांच्या कल्पनेची मी वर्गात वापरतो ती मांडणी अशी आहे. प्रत्येक सांत क्रमिका स ला एक संवृत अंतराल क(स) द्या. रिक्त क्रमिकेला [०,१]. क(स) मिळाल्यावर त्याचे मधोमध दोन भाग करा. उजवा अर्धा भाग उंचवट्यासाठी राखून ठेवा. त्याला ज(स) म्हणू. डाव्या अर्ध्या भागाच्या आत स च्या पुढच्या सर्व क्रमिकांची अंतराले, म्हणजे स नंतर ०, १, २ अशी एक संख्या जोडून मिळणाऱ्या क्रमिकांची, एकमेकांना न शिवता ठेवा, अशी की ती क(स) च्या डाव्या टोकाकडे सरकत जातील, पण त्या टोकाला किंवा मध्यबिंदूला कोणीही शिवणार नाही. आणखी एक अट, आणि ती महत्त्वाची आहे: अशा प्रत्येक बाळ-अंतरालाची लांबी, त्याचे क(स) च्या डाव्या टोकापासून जे अंतर असेल त्याच्या वर्गाहून जास्त नसावी.

ज(स) वर गुळगुळीत उंचवटा बसवा. ज(स) ची टोके अ आणि ब असतील, तर (क्ष−अ) चा वर्ग गुणिले (क्ष−ब) चा वर्ग गुणिले १६, भागिले (ब−अ) चा घन. ज(स) च्या बाहेर शून्य. दोन्ही टोकांशी याचे मूल्य शून्य आणि विकलजही शून्य, आणि मध्यावर याची उंची बरोबर ज(स) च्या लांबीइतकी. झाड ट मध्ये जेवढ्या क्रमिका असतील तेवढ्यांचे उंचवटे मिळवा. ती बेरीज म्हणजे फ(ट). उंचवटे एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून बेरजेची चिंता नाही. शिवाय दिलेल्या कोणत्याही एप्सिलॉनपेक्षा लांब अंतराले मोजकीच असतात, म्हणून झाडाचा सांत भाग कळला की फ(ट) एप्सिलॉनच्या आत कळते. यालाच वाट संतत असणे म्हणतात.

एखादा बिंदू क्ष घ्या. क्ष ज्यांत आहे अशा क(स) अंतरालांची माळ कोठेतरी थांबत असेल, तर क्ष एखाद्या उंचवट्यावर, त्याच्या टोकाशी, मोकळ्या जागेत किंवा क(स) च्या डाव्या टोकाशी असतो. पहिल्या तीन ठिकाणी काही बोलायला नको. डाव्या टोकाशी अनंत बाळ-अंतराले गोळा होतात, पण वर्गाच्या अटीमुळे तेथील उंचवटे अंतराच्या वर्गापेक्षा बुटके राहतात आणि विकलज शून्य येतो. ट कोणतेही असो, या सर्व बिंदूंवर फ(ट) विकलनीयच आहे. माळ कधीच थांबत नसेल, तर ती नैसर्गिक संख्यांची एक अनंत क्रमिका दाखवते आणि क्ष हा त्या माळेतील सर्व अंतरालांत सामाईक असलेला एकमेव बिंदू असतो. ती अनंत क्रमिका ट ची फांदी नसेल, तर काही टप्प्यानंतर तिचा एकही आरंभखंड ट मध्ये नसतो, म्हणजे क्ष च्या आसपास फ(ट) सपाट शून्य असते. ती फांदी असेल, तर माळेतील प्रत्येक अंतरालात, त्याची लांबी ल धरली तर, क्ष पासून ३ल/४ च्या आत ल/२ उंचीचे शिखर आहे, म्हणजे क्ष पासून त्या शिखरापर्यंतच्या जीवेचा चढ निदान २/३. आणि त्याच अंतरालाच्या मध्यबिंदूपर्यंतच्या जीवेचा चढ मात्र शून्य. अंतराले लहान होत जातात, चढ २/३ आणि शून्य यांच्यात हेलकावत राहतो, आणि विकलज अस्तित्वात येत नाही. सिद्धता येथे संपते.

या बांधणीत सहज नजरेतून सुटणारी एक गोष्ट आहे. वरील उंचवट्याचा चढ कोठेही ४ पेक्षा कमीच राहतो, त्यामुळे प्रत्येक फ(ट) लिपशिट्झ आहे, आणि ही सर्व फलने सी[०,१] च्या एका संहत भागात राहतात. म्हणजे गुंतागुंत जंगली फलनांमुळे येते असे समजू नये. ४ या एकाच स्थिरांकाने बांधलेल्या सभ्य फलनांतही ती तेवढीच आहे. लिपशिट्झ फलने जवळजवळ सर्वत्र, म्हणजे शून्य मापाचा संच वगळता सर्वत्र, विकलनीय असतात, तेव्हा प्रत्येक फ(ट) देखील तशी आहे. आणि गंमत अशी की “जवळजवळ सर्वत्र विकलनीय” हा संच बोरेल आहे! कारण बोरेल संचाच्या छेदपट्टीचे माप ही बोरेल राशी असते, आणि माप १ आहे का एवढेच आपण विचारतो. “प्रत्येक” हा शब्द “जवळजवळ प्रत्येक” इतका सैल केला की गणनीयता परत येते. ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मला ती उलटी वाटली होती, कारण व्यवहारात सैल अट तपासायला अवघड जाते.

दुसऱ्या टोकाला कोठेच विकलनीय नसलेली फलने आहेत. १९३१ साली बानाख आणि माझुर्किएविच यांनी स्वतंत्रपणे दाखवले की सी[०,१] मधील बहुतेक फलने, बेअर यांच्या अर्थाने (म्हणजे उरलेली फलने कोठेही दाट नसलेल्या गणनीय संचांत मावतात), अशीच असतात. मग त्यांचा संच तरी सोपा असावा, असे वाटते. तोही सहविश्लेषी आणि बोरेल नसलेलाच निघाला. हे मॉल्डिन यांनी १९७९ साली सिद्ध केले. “बहुतेक” असणे आणि “सोपे” असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही.

संच बोरेल नाही या नकारात काही होकारात्मक माहितीही दडलेली असते, आणि माझ्या मते ती अधिक उपयोगी आहे. १९८६ साली केक्रिस आणि वुडिन यांनी प्रत्येक विकलनीय फलनाला एक गणनीय क्रमसूचक संख्या (अनंताच्या पलीकडेही पावले मोजणारी संख्या), म्हणजे एक श्रेणी, जोडली. एक एप्सिलॉन घ्या आणि संपूर्ण [०,१] पासून सुरुवात करा. ज्या बिंदूच्या कितीही लहान परिसरात, उरलेल्या संचातील एखादा सामाईक बिंदू पोटात घेणाऱ्या अशा दोन जीवा सापडतात की त्यांच्या चढांत निदान एप्सिलॉनचा फरक आहे, तेवढेच बिंदू ठेवा. बाकीचे काढून टाका. हीच छाननी पुन्हा पुन्हा, गरज पडली तर अनंताच्या पलीकडेही, करत राहा. फलन सर्वत्र विकलनीय असेल तर संच कधीतरी रिकामा होतो. सर्व एप्सिलॉन विचारात घेऊन त्यासाठी पुरेशी ठरणारी पावलांची सर्वांत लहान संख्या ती फलनाची श्रेणी. विकलज संतत असेल तर पहिल्याच पावलात सगळे संपते, आणि श्रेणी १ असणारी फलने नेमकी तीच आहेत. क्ष चा वर्ग गुणिले साइन(१/क्ष), आणि शून्यावर शून्य, हे सर्वांच्या ओळखीचे फलन घ्या: पहिल्या छाननीत शून्याजवळच्या हेलकाव्यामुळे ० हा एकटा बिंदू मागे राहतो, दुसऱ्या छाननीत फक्त शून्य पोटात घेणाऱ्या जीवा विचारात येतात, त्यांचे चढ लांबीबरोबर शून्याकडे जातात, आणि तोही बिंदू गळतो. श्रेणी २. सर्वत्र विकलनीय फलनांच्या श्रेणी गणनीय क्रमसूचकांत अमर्याद पसरलेल्या आहेत, पण त्यांच्यातील कोणताही बोरेल उपसंच घेतला तर त्याच्या श्रेणींना एक गणनीय कमाल मर्यादा असते. म्हणून कोणी विकलनीय फलनांसाठी एखादी बोरेल कसोटी सुचवली, तर तिच्यातून कोणत्या उंचीची फलने निसटतात हे सांगता येते. दांज्वा यांनी १९१२ साली विकलजावरून मूळ फलन परत मिळवण्यासाठी जी अनंतापलीकडे चालणारी समाकलन-प्रक्रिया मांडली, तिला इतक्या पायऱ्या का लागतात, हेही या उंचीशी निगडित आहे.

आता संस्थितीचा प्रश्न. सी[०,१] वर सध्याच्या संस्थितीपेक्षा बारीक अशी दुसरी पोलिश संस्थिती, म्हणजे संपूर्ण अंतराने येणारी आणि गणनीय घन (दाट) संच असणारी, ठेवली तरी बोरेल संच तेच राहतात. हा लुझिन आणि सुस्लिन यांच्या प्रमेयाचा परिणाम आहे. फक्त परिमेय बिंदूंवरील मूल्ये पाहून बिंदुशः अभिसरणाची संस्थिती ठेवली, तरी त्याच प्रमेयामुळे बोरेल संच बदलत नाहीत. म्हणून अडचण टळत नाही. बदलते ती पायरी: त्या दुसऱ्या मांडणीत सी[०,१] स्वतःच परिमेय बिंदूंवरील सर्व वास्तव फलनांच्या अवकाशात तिसऱ्या पायरीवरचा संच म्हणून दिसते.

येथून फलन-अवकाशांच्या गुंतागुंतीचा एक वेगळा अभ्यास सुरू होतो, ज्यात फलनांच्या गुणधर्माऐवजी बिंदूंचे अवकाश बदलले जाते. गणनीय अवकाश घ्या आणि त्यावरील संतत फलनांना बिंदुशः संस्थितीत सर्व फलनांच्या अवकाशात बसवा. मूळ अवकाश विविक्त नसेल, म्हणजे त्यातील प्रत्येक बिंदू सुटा नसेल, तर हा संच जी-डेल्टा-सिग्मा, म्हणजे विवृत संचांच्या गणनीय छेदांचा गणनीय संयोग, कधीच नसतो, हे १९८५ साली डाइकस्ट्रा, ग्रिलिओ, लुट्झर आणि व्हान मिल यांनी दाखवले. म्हणजे एफ-सिग्मा-डेल्टा ही त्याला शक्य असलेली सर्वांत खालची जागा, आणि १९९१ साली डोब्रोवोल्स्की, मार्चिशेव्स्की आणि मोगिल्स्की यांनी सिद्ध केले की त्या जागेवरचे असे सर्व फलन-अवकाश एकमेकांशी समस्थितिक, म्हणजे संस्थितीच्या दृष्टीने सारखे, आहेत. अभिसारी क्रमिका आणि परिमेय संख्या ही दोन अवकाशे दिसायला किती वेगळी, पण त्यांवरील संतत फलनांची अवकाशे संस्थितीच्या नजरेने एकच. याउलट, नैसर्गिक संख्यांना एक बिंदू जोडून त्याचे परिसर एखाद्या मुक्त, म्हणजे कोणत्याही एका संख्येला न चिकटलेल्या, अतिगाळणीतून (अल्ट्राफिल्टरमधून, म्हणजे प्रत्येक संच किंवा त्याचा पूरक यांपैकी नेमका एक “मोठा” ठरवणाऱ्या सुसंगत निवडीतून) घेतले, तर मिळणारा फलनांचा संच बोरेल तर नसतोच, पण विश्लेषी किंवा सहविश्लेषीही नसतो, कारण अशी अतिगाळणी लबेग-मापनीयच नसते आणि विश्लेषी संच मात्र सर्व मापनीय असतात. तेथे बिंदू गणनीयच आहेत. अगणनीयता बिंदूंतून उठून त्यांच्या परिसरांत जाऊन बसलेली असते.